सिमाताईंचं उलटं पान

सिमा झिराडकर यांना मी सव्वीस वर्षं ओळखते. त्यातली पंचवीस वर्षं त्या मला ‘तू’ म्हणत होत्या, आता ‘तुम्ही’ म्हणतात. मराठी माणसाला याच्यापुढे काही सांगायची गरज नाही. तरी सांगते, कारण हे लिहिणं माझ्या अंगावर आलेलं आहे. का आलं, ते शेवटी येईलच.

पहिल्या भेटीतच मी माती खाल्ली होती. १९९८ साली नवऱ्याच्या मागोमाग नागपूरहून इंग्लंडला आले, बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली, आणि कुणीतरी सांगितलं की लंडनमध्ये पिनरला महिन्यातून एका रविवारी आपली माणसं जमतात. आपली म्हणजे आंबेडकरी. गेले. चहाच्या टेबलापाशी एक बुटकी, सावळी बाई बशीत बिस्किटं मांडत होती. नाव सिमा, आडनाव झिराडकर, बोलण्यात अलिबागचा हेल. कपाळावर, गळ्यात काही नाही. मी विचारलं, “तुम्ही ख्रिश्चन का?”

त्या म्हणाल्या, “त्यांच्या थोडं आधीचे.”

मग हसून त्यांनीच उलगडा केला. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. पूर्वी गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. सिमाताई भायखळ्यात वाढल्या आणि १९७३ साली लग्न होऊन लंडनला आल्या. त्याच वर्षी त्यांचे आईवडील धाकट्या मिखालला घेऊन इस्रायलला गेले. मिखाल तेव्हा चौदा वर्षांची होती. ती आता अश्दोदला असते. दोघी बहिणींचा पन्नास वर्षांचा शिरस्ता म्हणजे शुक्रवारचा फोन. लंडनला दुपारचा एक, अश्दोदला तीन, संध्याकाळी शनिवारच्या शब्बाथचे दिवे लागायच्या आत. आधी पत्रं होती, मग ट्रंककॉल, मग व्हॉट्सॲप. नवरा वारला त्या आठवड्यातसुद्धा तो फोन चुकला नाही. मूलबाळ नव्हतं. त्या फोनवर या बाईचा आठवडा उभा होता.

नोकरी कौन्सिलमध्ये, कमिटी क्लार्कची. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या मीटिंगांची मिनिट्स लिहिली. एक काउन्सिलर होता, आमच्यासारख्यांना विमानात बसवून परत पाठवा म्हणणारा. त्याचंही बोलणं त्या शब्दाला शब्द उतरवून घ्यायच्या. तो बिचारा शेवटपर्यंत समजत राहिला की मिसेस झिराडकर आपल्या बाजूच्या आहेत.

अशाच एका मीटिंगला सुखदेव मेश्राम कौन्सिलशी भांडायला गेले होते. १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला हॉल मिळत नव्हता, त्यावरून. सुखदेवजी रेल्वेत सिग्नल इंजिनिअर, आमच्या चळवळीतले जुने, आवाज पहाडी. दोन आठवड्यांनी मिनिट्स हातात पडली तेव्हा ते पुन्हा कौन्सिलला गेले आणि हे कुणी लिहिलं म्हणून विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा, ते म्हणाले, मी जे बोललो ते तसंच्या तसं कागदावर आलं. त्या दिवसापासून सिमाताई त्यांच्या बहीण झाल्या. सुखदेवजींच्या मुलाच्या, प्रज्ञेशच्या, त्या आत्या. त्याला मराठी अक्षरं त्यांनीच शिकवली, दर रविवारी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, लाल पेन हातात घेऊन.

पुढे सुखदेवजींनी वादमंडळ काढलं. स्काऊट्सच्या पत्र्याच्या हॉलमध्ये महिन्यातून एक वाद. त्याचा एक नियम होता, आणि तो मला दुसरीकडे कुठेही आढळला नाही. प्रत्येकाला एक शंभरपानी वही. ती पुढून उघडायची आणि आपली बाजू लिहायची. मग वही उलटी फिरवायची आणि मागून समोरच्याची बाजू लिहायची. स्वतःच्या हाताने, ‘मी’ म्हणून, हातचं काही न राखता. ते उलटं पान समोरच्याला दाखवायचं. ‘हो, हे माझंच म्हणणं’ अशी त्याची सही मिळाली तरच वादात तोंड उघडायचं. सही नसेल तर चहा प्यायचा आणि घरी जायचं. आणि वहीतलं मंडळाबाहेर जाऊ द्यायचं नाही.

“ज्याचं म्हणणं तुम्हाला मांडता येत नाही, ते खोडायचा तुम्हाला हक्क नाही,” सुखदेवजी म्हणायचे. “आमचं म्हणणं पिढ्यान्‌पिढ्या कुणी ऐकून मांडलं नाही, म्हणून सांगतो.”

उलटं पान लिहावं तर सिमाताईंनी. ब्रेक्झिट नको म्हणणारी ही बाई, ब्रेक्झिटच्या बाजूचं पान असं लिहून गेली की सही करणारा म्हणाला, मला स्वतःला इतकं जमलं नसतं. सुखदेवजी २०१६ साली गेले, आणि वह्यांची पेटी माझ्याकडे आली. मी सेक्रेटरी. पेटी माझ्या घरी, जिन्याखाली.

आता गॅब्रिएल. मिखालचा मुलगा. तीन वर्षांची सैन्यातली नोकरी संपवून तो २०१९च्या उन्हाळ्यात मावशीकडे आला. पोरगा सुखरूप सुटला म्हणून सिमाताईंनी मलिदा केला. मलिदा म्हणजे त्यांच्यातला नवस फेडायचा विधी. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, गुलाबाच्या पाकळ्या, आणि प्रेषित एलियाहू हनाबींचं नाव. आम्ही सगळे बौद्ध लोक ओशाळून उभे, कारण नवसबिवस आम्ही सोडलेले. सिमाताई म्हणाल्या, “नवस चालत नाही, पोहे चालतात ना? बसा.” गॅब्रिएल आम्हाला वाढत होता. त्याचं मराठी मोडकंतोडकं, दात पांढरेशुभ्र, आणि रंगाने माझ्या भावापेक्षाही काळा.

दुसऱ्या दिवशी सिमाताईंनी त्याच्यापुढे ताक ठेवलं, आणि त्याने पेला बाजूला सारला. लहानपणी ताकावर तुटून पडणारा मुलगा. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, आणि त्याने सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाला की हे कुणाला सांगू नकोस, आईला तर नाहीच. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पाच वर्षं.

मग २०२३चा ऑक्टोबर आला. सात तारखेच्या हल्ल्यात मिखालच्या मैत्रिणीचा मुलगा मारला गेला. गॅब्रिएलला पुन्हा बोलावणं आलं. मग गाझा सुरू झालं, आणि आमच्या घरांतल्या टीव्हीवर रोज ढिगाऱ्यांतून पोरं काढताना दिसू लागली. वादमंडळात विषय निघाले ते हीटिंगचे भाव आणि पोटगीचे कायदे. ज्या विषयावर प्रत्येकाच्या पोटात आग होती, तो कुणी काढेना. कारण सिमाताई समोर बसलेल्या. त्या बिस्किटं आणायला आत गेल्या की मात्र कुजबुज सुरू. मीही त्यात होते.

जानेवारीत त्या बशी घेऊन परत आल्या, ती टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “मी आत गेले की तुम्ही जे बोलता, ते पुढच्या महिन्यात माझ्यासमोर बोला. नियमाप्रमाणे.”

विषय त्यांनीच फळ्यावर लिहिला. ‘लष्करी अंमलाखाली पॅलेस्टिनींना दिली जाणारी वागणूक : सुरक्षा की अन्याय?’ सुरक्षेच्या बाजूने त्या बोलणार, अन्यायाच्या बाजूने मी.

माझं उलटं पान मी एका संध्याकाळी खरडलं. आम्हाला भीती वाटते, आमच्यावर फार अत्याचार झाले, वगैरे. सिमाताईंनी ते वाचून परत दिलं. “हे मी म्हणणार नाही. हे तुला मी म्हणावंसं वाटतं, ते आहे.” दुसरंही परत आलं. तिसऱ्या वेळी मी मुकाट्याने त्यांच्या स्वयंपाकघरात बसले आणि नुसतं ऐकलं. रॉकेटचा सायरन झाल्यावर निवाऱ्यात पोचायला अश्दोदला पाऊण मिनिट मिळतं, आणि मिखालचे गुडघे गेलेले, घर दुसऱ्या मजल्यावर. ती जिन्यातच बसून राहते. आणि ही तीच मिखाल, जिच्या काकांनी साठच्या दशकात, तुम्ही बेने इस्राएल पुरते ज्यू आहात का असं तिथले धर्मगुरू विचारायला लागले तेव्हा, जेरुसलेमला धरणं धरलं होतं. “ज्या दारातून आम्हाला एवढ्या मिनतवारीने आत घेतलं, ते दार मोडलं तर आम्हाला दुसरं कुठलं आहे, हे आधी सांग,” त्या म्हणाल्या. मी ते लिहिलं, आणि त्यांनी सही केली.

त्यांचं उलटं पान मला एकाच वाचनात सही करावं लागलं. ते आजही मला पाठ आहे.

‘एका टेकडीवर दोन घरं आहेत. एका घरातल्या मुलाने दगड मारला तर त्याला नागरी न्यायालय, दुसऱ्या घरातल्या मुलाने मारला तर लष्करी. कायदा माणूस बघून बदलतो, याला माझ्या देशात जुनं नाव आहे. ते मी इथे लिहीत नाही, कारण या मंडळात ते सगळ्यांना माहीत आहे.

‘माझ्या घरातला एक मुलगा वेस्ट बँकेत एका चौकीवर होता. वय एकोणीस. एक म्हातारा दह्याची बरणी घेऊन आला. पलीकडच्या गावात त्याची लेक बाळंत झाली होती. कागद बरोबर होते. मुलाचा काळा रंग बघून म्हातारा हसला आणि अरबीत मायेने काहीतरी बोलला, आपल्यातलाच समजून. मुलाचे सोबती खो खो हसले. मुलाने म्हाताऱ्याला चार तास उन्हात उभं केलं. कागद तपासतो आहे, असं सांगून. सोडलं तेव्हा म्हाताऱ्याने बरणी तिथेच ठेवली आणि तो आला तसा परत गेला. दही फुगलेलं होतं. सुरक्षेला चौकी लागते, हे मला मान्य आहे. त्या चार तासांत कुणाची सुरक्षा झाली, एवढंच मला विचारायचं आहे.’

सही करताना मला रडू आलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. “बरोबर उतरलंय?” एवढंच त्यांनी विचारलं. मग वादाला उभ्या राहिल्या आणि कागद न बघता नऊ मिनिटं स्वतःच्या बाजूने बोलल्या, मिखालच्या जिन्यापासून सुरुवात करून. मी माझी बाजू बोलले. मंडळात मतदान नसतं. पण त्या दिवशी चार महिन्यांनी पहिल्यांदा सगळ्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघून चहा घेतला.

प्रज्ञेश त्या वादाला नव्हता. तो ब्रिस्टलला असतो, इंजिनिअर आहे, आणि ऑक्टोबरपासून एकही शनिवार त्याने मोर्चाविना काढलेला नाही. त्याबद्दल मला त्याचा अभिमान होता आणि आहे. आठवड्याभराने त्याने आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की झायनिस्ट, म्हणजे इस्रायलच्या बाजूच्या, बाईला या वर्षी १४ एप्रिलच्या स्टेजवर घेऊ नये. ही बाई म्हणजे आत्या. ज्या बाईने वीस वर्षं त्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन केलं, ती. सुदैवाने सिमाताई त्या ग्रुपवर नव्हत्या.

माझं डोकं फिरलं. जिन्याखालची पेटी ओढली, वही काढली, उलट्या पानाचा फोटो घेतला आणि त्याला एकट्याला पाठवला. खाली लिहिलं, ‘वाच. मग तोंड उघड.’ हे मी सिमाताईंसाठी केलं. तेव्हाही मला तसंच वाटत होतं, आताही वाटतं. त्याने विचारलं, हा मुलगा कोण? मी लिहिलं, ‘बहिणीचा मुलगा असणार, गॅब्रिएल. कुणाला बोलू नकोस.’ सिमाताईंनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी पोहे वाढणारा तो काळा मुलगा आठवला आणि दोन अधिक दोन केलं. हुशारी नडते ती अशी. प्रज्ञेशने हात जोडलेले पाठवले, आणि मागोमाग, ‘सॉरी मावशी, आत्याला मी चुकीचा समजलो.’ स्टेजचा प्रश्न मिटला. मी स्वतःवर खूश.

मार्चमध्ये त्याने मला ब्रिस्टलच्या सभेला बोलावलं. तीनेकशे माणसं, बहुतेक गोरी, बरीच तरुण. मी तिसऱ्या रांगेत. प्रज्ञेश उठला, पिनरमधल्या एका भारतीय ज्यू आजीची ही कबुली आहे, असं म्हणाला, आणि फोनवरून वाचायला लागला. इंग्रजीत, उत्तम भाषांतर केलेलं. ‘माझ्या घरातला एक मुलगा’चं त्याने ‘माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, जो आज अश्दोदमध्ये राहतो’ असं केलं होतं. नाव घेतलं नाही. पण पिनरला राहणाऱ्या आणि अश्दोदला बहीण असणाऱ्या बेने इस्राएल आज्या अशा कितीशा असणार? वाद, वही, नियम, यातलं अवाक्षर नाही. त्या हॉलमध्ये ते मराठी पान वाचू शकणारी दोनच माणसं होती. एक मी, आणि एक ज्याला ती अक्षरं त्याच बाईने शिकवली होती.

वाचून झाल्यावर सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले. मीही उभी राहिले. सगळे उभे राहतात तेव्हा माणूस राहतो. टाळ्यासुद्धा वाजवल्या असतील, मला आठवत नाही.

नंतर स्टेशनवर पोचवायला तो आला तेव्हा मी त्याला धरलं. तुझ्या बाबांचा नियम होता, मी म्हणाले. उलटं पान म्हणजे कबुली नव्हे.

“पण ती गोष्ट खरं आहे ना, मावशी?” तो म्हणाला. “Did it happen or not?”

“खरी आहे.”

“मग? तिकडे रोज मुलं मरतायत, आणि तुला एका वहीची पडलीये. बाबांचा रूल चांगला होता. But it's for people who have time. त्या म्हाताऱ्याकडे टाइम नव्हता, त्याला चार तास उभा केला.”

मी त्याच्याच बाजूची. फक्त मला माहीत होतं की विश्वासाने हातात दिलेली गोष्ट मी त्याच्या हातात दिली, आणि सुखदेव मेश्रामांच्या मुलाने ती विकायला काढली. पैसे नाही घेतले, टाळ्या घेतल्या. मी त्याला तसं बोलले. तो रडला नाही, चिडलाही नाही. आत्या स्वतः येऊन हे बोलली असती, तिच्यात तेवढा धीर नाही म्हणून मी बोललो, असं म्हणाला. माझी ट्रेन आली.

सिमाताईंना मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. दोन दिवस मी शब्द जुळवत बसले. तोवर व्हिडिओ फिरत फिरत अश्दोदला पोचला होता.

शुक्रवारी दुपारी मी पिनरला गेले. सिमाताईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, “या. बसा. चहा घेता?”

सव्वीस वर्षांत त्या घरात मला कुणी ‘चहा घेता?’ विचारलं नव्हतं. मी स्वतः कपाट उघडून कप काढायची. त्या दिवशी पाहुणीसारखी सोफ्याच्या टोकाला टेकले, आणि त्यांनी ट्रेमधून चहा आणला.

मी बोलायला लागले की फोटो मी फक्त प्रज्ञेशला पाठवला होता, तुम्हाला स्टेजवरून काढू नये म्हणून, नियमाचा उल्लेख त्याने गाळला, मी नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“एकतीस वर्षं मी काय लिहिलं?” त्या म्हणाल्या. “‘अमुक म्हणाले की.’ तेवढे तीन शब्द तुम्ही लोकांनी काढून टाकलेत. वही कुणाकडे होती?”

“माझ्याकडे.”

“मग झालं.”

मिखालने त्या दिवशी एकला नाही, अकराला फोन केला होता. गॅब्रिएलच्या तुकडीतल्या पोरांनी व्हिडिओ बघितला होता. कुणी त्याला फितूर म्हणत होतं, कुणी दहीवाला. त्याच्या बायकोने विचारलं होतं, हे खरं आहे का, आणि मला का नाही सांगितलंस. मिखाल बहिणीला म्हणाली, “माझ्या मुलाने तुझ्यापाशी ओकलं, ते तू लोकांना ताटात वाढलंस.” आणि एक मागणी केली. सिमाताईंनी सहीनिशी लिहून द्यायचं की ते पान वादासाठी रचलेलं होतं, असं काही घडलं नाही. मग ती पुन्हा दर शुक्रवारी फोन करील. नाहीतर नाही.

असं लिहिणं सोपं होतं. त्यांच्या सिनेगॉगच्या दोघांनी मजकूर टाइप करून आणलाही होता, फक्त सही बाकी. दुसरीकडे प्रज्ञेशच्या लोकांनी ईमेल पाठवली होती की पुढच्या मोर्च्यात तुम्ही सगळ्यांच्या पुढे चाला. दोन्ही कागद टेबलावर एकाखाली एक ठेवलेले होते.

मग त्यांनी मला गॅब्रिएलचा व्हॉइस मेसेज ऐकवला. थकलेला आवाज, मागे लहान बाळ. “मावशी, तू लिही गॅब्रिएल खोटं बोलला. मी सांगतो सगळ्यांना, मी खोटं बोललो तुला. It's okay. तू लिही.”

मी म्हटलं, तो स्वतःच म्हणतोय तर लिहा.

“पाच वर्षं पोरगा ताकाला शिवला नाही,” सिमाताई म्हणाल्या, “आणि मी लिहू खोटं? लिहिलं तर मिखाल परत मिळेल. आणि त्याला काय कळेल? की त्या म्हाताऱ्याचं कुणीच खरं मानलं नाही, मावशीनेसुद्धा.” मग म्हणाल्या, “मुळात लिहिलं का, ते विचारा.”

“का लिहिलंत?”

“सुखदेवनी विचारलं असतं, सिमा, हातचं राखलंस का? म्हणून. ते मेलेत, हे लक्षात राहिलं नाही.”

त्यांनी सही केली नाही, मोर्च्यालाही गेल्या नाहीत. १४ एप्रिलला स्टेजवर त्यांची जागा आम्ही मोकळी ठेवली होती. त्या आल्या नाहीत. प्रज्ञेशने त्यांना मराठीत चार पानी पत्र लिहिलं. त्यांनी त्यातल्या चुका लाल पेनने दुरुस्त केल्या आणि पत्र त्याला परत पाठवलं. दुसरा एक शब्द नाही. त्याने त्याचा फोटो मला पाठवला आणि विचारलं, याचा अर्थ काय. मी त्याला उत्तर दिलं नाही. बापाची वही विकणाऱ्याला बापाच्या बहिणीचं लाल पेन कळत नसेल तर मी काय सांगणार?

ऑगस्टमध्ये मला पोस्टाने एक जाड पाकीट आलं. आत सिमाताईंची वही, जी त्या शुक्रवारी मी त्यांना परत दिली होती, उलटी उघडून क्लिप लावलेली. वर विषय, ‘रचनाने पान पाठवलं, ते बरोबर की चूक?’ आणि खाली, नियमाप्रमाणे, माझी बाजू. त्यांच्या अक्षरात, ‘मी’ म्हणून.

‘मी रचना. माझ्या मैत्रिणीला लोक नावं ठेवत होते, ते मला सहन झालं नाही. ती किती खरी आहे हे दाखवायला माझ्याकडे एकच वस्तू होती, ती मी दाखवली. ज्याच्याकडे पाठवलं तो परका नव्हता, आमच्या डोळ्यांसमोर वाढलेला होता. सिमाने तरी काय केलं? तिला भाच्याने कुणाला सांगू नकोस म्हणून सांगितलं, आणि तिने ते वहीत लिहिलं, वही बंद राहील या भरवशावर. मी फोटो पाठवला, फोन बंद राहील या भरवशावर. आम्हा दोघींत फरक असेल तर तो एका पायरीचा आहे.’

माझ्या बाजूने मीसुद्धा इतकं चांगलं लिहिलं नसतं. खाली सहीची जागा होती. सही केली. मग वही सरळ फिरवली आणि पुढून उघडली. तिथे त्यांची स्वतःची बाजू असायला हवी होती. एकच ओळ होती. ‘हे सगळं मला मान्य आहे, आणि तरी माझी फसवणूक माझ्या घरातून झाली.’

आता माझी पाळी होती. सिमाताईंची बाजू लिहायची आणि सही मिळवायची. पहिलं पान मी ‘मी सिमा’ म्हणून लिहिलं. पोस्टाने परत आलं, समासात पेन्सिलीने, ‘यात रचनाने माफी मागितली आहे. माझ्या बाजूत तुमची माफी कशाला?’ दुसरं लिहिलं, माफी काढून. त्यावर शेरा आला, ‘माझा ‘मी’ तुम्ही यापुढे लिहायचा नाही. तुमच्या ‘मी’नेच लिहा. काय झालं आणि तुम्ही काय केलंत, एवढंच. मिनिट्ससारखं.’

मिनिट्ससारखं मला जमलेलं नाही, राग मध्येमध्ये आलाच आहे. पण हे तिसरं पान. यात मी माफी मागितलेली नाही, आणि टाळ्या वाजवायला उभी राहिले तेही गाळलेलं नाही.

मिखालचा फोन अजून आलेला नाही. तेहतीस शुक्रवार झाले. सिमाताई पावणेएकपासून फोनजवळ बसतात, असं शेजारणीने सांगितलं. म्हणून मी शुक्रवारी दुपारी त्यांना फोन करत नाही. फोन वाजला तर त्यांना वाटेल, मिखालच.

हे रविवारी पिनरला त्यांच्या लेटरबॉक्समध्ये टाकणार आहे. खाली सहीपुरती जागा सोडली आहे.